जीवाश्म फळ दुसऱ्या वंशात हलवायचं आहे : नवं संयोजन, नवा वंश की नुसतं सुधारित वर्णन?

प्रश्न : चर्टखडा

नागपूरजवळच्या माहुरझरीच्या इंटरट्रॅपियन चर्टमधल्या (दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या सिलिकामय दगडातल्या) एका फळाच्या नावाबद्दल मदत हवी आहे. काम अजून छापायचं आहे, म्हणून नाव इथे देत नाही. रचना सांगतो.

फळ लंबगोल, साधारण ९ मिमी लांब आणि ६ मिमी रुंद. पाच कप्पे, प्रत्येक कप्प्यात एकच बी, तीही वरच्या टोकाकडून लोंबणारी. ही जाती १९७६ सालच्या एका लेखात वर्णिलेली आहे. ज्या वंशात ती ठेवली, त्या वंशाचं नावच एका ठरावीक कुळाकडे बोट दाखवतं. आता नव्या पील्समध्ये (घासून आम्ल लावलेल्या दगडावरून प्लास्टिकच्या कागदावर घेतलेल्या पातळ छापांमध्ये) आणि मायक्रो-सीटी या क्ष-किरण स्कॅनमध्ये फळाच्या भिंतीचे थर आणि बीजावरण नीट दिसतं, आणि ते त्या कुळाशी अजिबात जुळत नाही.

अडचणी अशा. जाती दुसऱ्या वंशात नेऊन कॉम्ब. नोव्ह. (नवं संयोजन) करायचं, की नवा वंश काढायचा? मूळ लेखात होलोटाइप (मूळ लेखकाने ठरवलेला टाइप, म्हणजे नाव ज्याला बांधलेलं असतं तो नमुना) म्हणून एका स्लाइडचा क्रमांक दिला आहे, पण ती स्लाइड सापडत नाही; लेखात फोटो नाही, फक्त रेषाचित्रं आहेत. तर रेषाचित्रालाच टाइप धरता येईल का? त्याच चर्टमध्ये पाच पाकळ्यांचं एक फूल मिळतं, त्याला वेगळं नाव आहे. ते याच झाडाचं असावं असं वाटतं, तर दोन्ही नावं एक करावीत का? जुन्या वंशाचं नाव स्त्रीलिंगी आणि एपिथेट (जातीच्या नावातला दुसरा शब्द) ‘-आ’ने संपणारं आहे, नवा वंश ‘-कार्पॉन’ असेल तर एपिथेटचं काय? शिवाय हेच फळ नंतरच्या एका पीएच.डी. प्रबंधात तिसऱ्याच नावाने आलं आहे. त्या नावाचा मान ठेवावा लागतो का?

---

उत्तर : काष्ठछेद

फळ कुठल्या कुळातलं हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी एवढंच बघा, की तुमची जाती त्या जुन्या वंशाची टाइप जाती (जिला वंशाचं नाव बांधलेलं असतं ती) आहे का? सगळा निर्णय याच्यावर फिरतो, आणि नेमकं हेच बघायचं राहून जातं.

टाइप जाती असेल, तर वंशाचं नाव तिच्याच पाठीशी जातं. तिला त्या वंशातून उचलून दुसरा नवा वंश काढणं म्हणजे एकाच टाइपवर दोन वंशनामं लादणं. तसं केलंत तर तुमचं नवं नाव जन्मतःच अतिरिक्त आणि म्हणून नियमबाह्य ठरेल. अशा वेळी वंशाचं नाव तसंच राहतं, कुळ बदलतं आणि डायग्नोसिस (ओळखीच्या लक्षणांचं थोडक्यात वर्णन) सुधारून ‘इमेंड.’ (सुधारित) लिहायचं. नाव चुकीच्या कुळाची आठवण करून देतं, ही तक्रार वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता ऐकत नाही. नाव अयोग्य किंवा दिशाभूल करणारं आहे एवढ्यावरून ते टाकता येत नाही, असं कलम ५१ स्पष्ट सांगतं. दख्खनमधलंच उदाहरण सायक्लँथोडेंड्रॉनचं. नाव सायक्लँथेसी कुळावरून पडलं, नंतरचा अभ्यास त्या खोडाला केळीच्या गणाकडे घेऊन गेला, पण नाव आजही तेच आहे.

टाइप जाती नसेल, तर मोकळीक आहे. नवं कुळ, नव्या लक्षणांशी जुळणारा जीवाश्म वंश आधीपासून असेल तर तिथे कॉम्ब. नोव्ह.; नसेल तर जेन. नोव्ह. (नवा वंश) आणि त्याच लेखात कॉम्ब. नोव्ह. दोन्ही वेळा जुना एपिथेट टिकतो. इंटरट्रॅपियनमधलंच पामोकार्पॉन ड्रायपेटिऑइडीस बघा. ड्रायपेटिस या वंशासारखं वाटलं म्हणून तो एपिथेट पडला होता. २०१६ मध्ये ते तीन कप्प्यांचं ताडकुळातलं फळ असल्याचं दाखवून ते पामोकार्पॉनमध्ये नेलं. वंश बदलला, ड्रायपेटिऑइडीस मात्र सोबत आला, कारण अग्रक्रम एपिथेटचा आहे, त्याच्या अर्थाचा नाही.

आता दुसरी पायरी. १९७६ चं नाव वैध रीतीने प्रसिद्ध झालेलं आहे का? नसेल तर त्याच्यावर कॉम्ब. नोव्ह. उभंच राहत नाही. मग ते थेट ‘स्पे. नोव्ह.’ (नवी जाती) म्हणून, नव्या होलोटाइपसह, नव्याने वर्णावं लागतं. जीवाश्म नावांच्या तारखा टेबलासमोर चिकटवून ठेवण्यासारख्या आहेत:

३१ डिसेंबर १८२० च्या आधीची नावं जीवाश्म वनस्पतींसाठी धरतच नाहीत. श्टेर्नबेर्गच्या ग्रंथापासून मोजणी सुरू. १ जानेवारी १९१२ पासून वंश आणि त्याखालच्या नावांना लक्षणं दाखवणारं चित्र किंवा आधी छापलेल्या अशा चित्राचा हवाला लागतो. १९५८ पासून टाइप नमूद हवा. १९९० पासून ‘होलोटाइप’ किंवा ‘टाइप’ हा शब्द आणि टाइप ज्या संग्रहात आहे त्याचं नाव, दोन्ही हवीत. १९९६ पासून वर्णन किंवा डायग्नोसिस लॅटिन अथवा इंग्रजीतच हवं. २००१ पासून जातीच्या चित्रांपैकी निदान एक टाइप नमुन्याचं आहे असं दाखवलेलं हवं.

तुमचा लेख १९७६ चा. रेषाचित्र आहे, होलोटाइपचा स्लाइड क्रमांक आहे. संग्रहाचं नाव नसलं तरी चालतं, कारण ती अट १९९० ची. जिवंत वनस्पतींना १९३५ पासून २०११ पर्यंत लॅटिनची सक्ती होती म्हणून जीवाश्मांची इंग्रजी वर्णनं बाद ठरवणारे लोक भेटतात. त्यांचं ऐकू नका, जीवाश्मांना ती सक्ती नव्हती. तेव्हा तुम्ही सांगता त्यावरून नाव वैध आहे आणि कॉम्ब. नोव्ह.चा रस्ता खुला आहे.

प्रबंधातलं नाव: १९५३ नंतर पदवीसाठी सादर केलेला प्रबंध हे परिणामकारक प्रकाशन धरत नाहीत, जोवर त्यात आयएसबीएन किंवा तशा हेतूचं स्पष्ट विधान नसतं. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर) पीडीएफ चढली एवढ्याने फरक पडत नाही. त्या नावाला अग्रक्रम नाही. पण समानार्थी यादीत ‘अप्रकाशित’ असा शेरा मारून ते जरूर नोंदवा, नाहीतर उद्या कोणीतरी ते नाव खरं समजून वापरेल. परिषदेच्या स्मरणिकेत वर्णनाशिवाय छापलेल्या नावांनाही हाच न्याय.

कलमं बघताना संहितेची आवृत्ती तपासा. शेनझेन संहिता २०१८ ची होती, माद्रिद संहिता २०२५ मध्ये आली. उपकलमांचे आकडे नव्या आवृत्तीशी ताडूनच लेखात लिहा.

---

उत्तर : पानशिरा

टाइपच्या प्रश्नाला हात घालतो.

रेषाचित्र टाइप होऊ शकत नाही. जिवंत वनस्पतींत जुन्या नावांसाठी चित्राला लेक्टोटाइप (मूळ साहित्यातून नंतर निवडलेला टाइप) करतात, ते बघून इथेही तसं करायचा मोह होतो. जीवाश्म जातीचा टाइप मात्र नेहमी नमुनाच असतो, कलम ८.५. चित्र कितीही सुरेख असलं तरी ते पुरावा म्हणून वापरायचं, टाइप म्हणून नाही.

स्लाइड हरवली म्हणजे होलोटाइप गेला, असं लगेच धरू नका. तो दगड शोधा. चर्टच्या एका तुकड्यातून एकाच फळाचे दहा-बारा छेद काढलेले असतात आणि लेखात त्यातल्या एकाच स्लाइडचा क्रमांक छापला जातो. बाकीचे छेद आणि उरलेला ठोकळा त्याच फळाचे असतील, तर तुमच्या हातात मूळ साहित्यच आहे. मूळ लेखात ‘नमुना’ म्हणून तुकडा सांगितला असेल, तर त्या तुकड्याचे सगळे छेद मिळून होलोटाइप धरता येतात. फक्त ती एकच स्लाइड होलोटाइप म्हटली असेल, तर उरलेल्या छेदांतून लेक्टोटाइप निवडा. मूळ लेखकाने पाहिलेलं काहीही शिल्लक नाही अशी खात्री झाली, तरच निओटाइप (मूळ साहित्याबाहेरून निवडलेला बदली टाइप). तोही शक्यतो त्याच ठिकाणच्या, त्याच थरातल्या चर्टमधून. माहुरझरीचं नाव असताना केरिया किंवा मराई पाटण अशा दुसऱ्या ठिकाणचा नमुना निओटाइप केला, तर दोन्हीकडची जाती एकच आहे हे गृहीत धरल्यासारखं होतं, आणि ते तर सिद्ध करायचं असतं.

लेक्टोटाइप किंवा निओटाइप निवडताना २००१ पासून ‘येथे निर्देशित’ या अर्थाचे शब्द लेखात छापलेले लागतात. इंग्रजीत ‘डेझिग्नेटेड हिअर’, लॅटिनमध्ये ‘हिक डेझिग्नाटुस’. हे दोन शब्द राहिले की सगळी निवड फुकट जाते. संग्रहाचं नाव आणि नोंद क्रमांकही द्या.

शोध कसा घ्यायचा: जुन्या लाकडी स्लाइड-पेट्यांवर लेखकाची आद्याक्षरं आणि गावाचं नाव असतं, क्रमांक नंतर घातलेला असतो. म्हणून छापील क्रमांकापेक्षा गावाच्या नावाने शोधा. कॅनडा बाल्सम पिवळा पडून कव्हरस्लिपच्या कडेने सुटलेला असेल, तर स्लाइड पुसायला जाऊ नका, आधी फोटो घ्या. रेषाचित्रातल्या तडा, बीजाची तिरकी बाजू, भिंतीतला तुटलेला भाग यांवरून छेद ओळखता येतो. चित्र आणि छेद जुळले की ते शेजारी-शेजारी छापा. लेखातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच ठरेल.

आणि नवे टाइप विभागातल्या कपाटात ठेवू नका. लखनौचं बिरबल साहनी संस्थेचं संग्रहालय किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा संग्रह, जिथे नोंदवही, कायमचा क्रमांक आणि पुढच्या माणसाला दाखवायची सोय आहे, तिथे ठेवा. माणसं निवृत्त होतात, खोल्या बदलतात, आणि टाइप हरवतात ते बहुधा याच टप्प्यावर.

---

चर्टखडा

दोघांचे मनापासून आभार. काष्ठछेद यांनी सांगितलेलं तपासलं: आमची जाती त्या वंशाची टाइप जाती नाही, टाइप जाती वेगळी आहे आणि ती मोहगाव कलानची आहे. म्हणजे वंश सोडता येईल. मूळ लेखात ‘होलोटाइप स्लाइड’ असंच म्हटलं आहे. ठोकळ्याचे दोन तुकडे सापडलेत, त्यांवर त्याच क्रमांकाचा मूळ आकडा आहे आणि पुढे ‘अ’, ‘ब’ लिहिलं आहे. ‘ब’मध्ये फळाचा अर्धा भाग अजून शिल्लक आहे. हा भाग कापावा की नाही, आणि फुलाचं काय, एवढं सांगा.

---

उत्तर : काष्ठछेद

‘ब’ तुकडा करवतीखाली घालू नका. हिऱ्याच्या पात्याची फट जवळपास एक मिलिमीटर खाते. नऊ मिलिमीटरच्या फळात अर्धा भाग उरला असेल, तर चार छेदांत टाइप संपेल. आधी मायक्रो-सीटी करा, मग पील, आणि तेही जेवढे लागतील तेवढेच.

चर्टच्या पीलमध्ये बिघडतं कुठे ते लिहितो. पृष्ठभाग कार्बोरंडमवर ४०० आणि मग ६०० किंवा त्याहून बारीक पूडीवर सपाट घासा. ओरखडे राहिले तर ते पीलमध्ये पेशीभित्तींसारखे दिसतात आणि माणूस नसलेला थर मोजतो. मग ४० टक्के हायड्रोफ्लोरिक आम्लात प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. वेळ चर्टवर अवलंबून, ३० सेकंदांपासून दोन-तीन मिनिटांपर्यंत, म्हणून टाइपला हात लावण्याआधी त्याच दगडाच्या रिकाम्या कोपऱ्यावर करून बघा. कमी वेळ ठेवलं तर पील कोरा निघतो. जास्त ठेवलं तर पेशीभित्ती आधाराशिवाय उंच उभ्या राहतात आणि ॲसिटोन पडताच आडव्या होतात. मग बीजावरणाचे दोन थर चार वाटतात. आम्लानंतर सोडियम बायकार्बोनेटच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात बुडवून काढा. धुतलेल्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. पूर्ण वाळला की ॲसिटोन ओतून सेल्युलोज ॲसिटेटचा कागद एका कडेकडून दुसरीकडे टेकवत न्या.

नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी सात-आठच्या आत उरका. दुपारी ॲसिटोन कागद टेकेपर्यंतच उडून जातं आणि पीलमध्ये चांदीसारखे बुडबुडे धरतात. पावसाळ्यात उलट होतं: हवेतली ओल ॲसिटोनमध्ये उतरून कागद दुधाळ होतो.

हायड्रोफ्लोरिक आम्ल धूरकपाटाशिवाय, जाड हातमोज्यांशिवाय आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी असल्याशिवाय उघडू नका. ते त्वचेवर पडल्यावर लगेच दुखत नाही, आत हाडापर्यंत जातं. एकट्याने तर कधीच करू नका.

प्रत्येक पीलवर नमुन्याचा क्रमांक, तुकड्याचं अक्षर, बाजू आणि अनुक्रम लिहा: ‘ब-खाल-०७’ असा. टाइप कापला असेल तर मूळ डायग्नोसिससाठी वापरलेले सगळे भाग खुणेने वेगळे ठेवावेत, अशी संहितेचीही शिफारस आहे. आणि मायक्रो-सीटीचा डेटा हा टाइप नाही. टाइप दगडच. स्कॅनच्या मूळ प्रतिमा कुठल्याशा कायमच्या भांडारात ठेवा आणि त्यांचा पत्ता लेखात द्या.

एक गोष्ट स्कॅनबद्दल. पेशींच्या पोकळ्या कॅल्सेडनीने भरलेल्या असतील तर सेंद्रिय भिंत आणि सिलिका यांत क्ष-किरणांना फरक फारच कमी दिसतो. कप्पे, बीजाची जागा, भिंतीतल्या वाहिन्या दिसतील. बीजावरणाच्या पेशी बहुतेक दिसणार नाहीत. त्यासाठी पीलच. दोन्ही मिळून निष्कर्ष काढा.

---

उत्तर : मोहगाव_वाट

फुलाबद्दल मी जोडण्याच्या बाजूने आहे, पण पुराव्याच्या जोरावर.

आपल्याकडचा धडा समोरच आहे. एनिग्मोकार्पॉन पारिजाई हे फळ बिरबल साहनींनी १९४३ मध्ये मोहगाव कलानच्या चर्टमधून वर्णिलं. साहनिअँथस पारिजाई हे फूल शुक्लांनी १९४४ मध्ये, त्याच ठिकाणचं, आणि पहिल्याच लेखात त्याचं एनिग्मोकार्पॉनशी नातं मांडलं. इथे काम नुसत्या ‘दोन्ही एकाच दगडात मिळतात’ यावर झालेलं नाही. फुलातल्या अंडाशयाची रचना आणि फळाची रचना यांची तुलना केली गेली. तुम्हीही तेच करा. पाच पाकळ्या आणि पाच कप्पे हे साम्य फार स्वस्त आहे, शेकडो द्विदलींत मिळेल. कप्प्यात एकच बीजक, तेही वरून लोंबतं, तेच अंडाशय वाढत जाऊन फळाची भिंत कशी बनते याचे मधले टप्पे, फुलाच्या देठावरचे आणि फळाच्या देठावरचे रोम सारखे: हे दाखवता आलं तर जोड भक्कम.

सेंद्रिय जोड नसतानाही, म्हणजे अवयव प्रत्यक्ष एकमेकांना जोडलेले मिळाले नाहीत तरी, खूण पटते याचा सगळ्यात मोठा दाखला कोळसा-गोळ्यांतला (कोळशाच्या थरांतल्या, वनस्पती जपलेल्या खनिज गोळ्यांतला). ऑलिव्हर आणि स्कॉट यांनी लॅजेनोस्टोमा हे बी लिजिनोप्टेरिसच्या खोड-पानांचं आहे हे ओळखलं ते डोकी असलेल्या ग्रंथींवरून; तशा ग्रंथी बीजाच्या वाटीवरही होत्या आणि पानांवरही. नेच्यासारखी पानं असलेल्या झाडांना बिया येतात हे १९०३ च्या सुमारास अशा एका बारीक लक्षणामुळे कळलं, आणि बीजधारी नेच्यांचा गट उभा राहिला.

एकदा जोड पटली की संहिता आडकाठी करत नाही. जीवाश्म टॅक्सनमध्ये (वर्गीकरणाच्या गटात) एक किंवा अनेक अवयव, एक किंवा अनेक जतन-अवस्था येऊ शकतात. मूळ किंवा नंतरच्या वर्णनात तसं म्हटलेलं असलं म्हणजे झालं. २०१२ च्या मेलबर्न संहितेपासून ‘मॉर्फोटॅक्सन’ (एकाच अवयवापुरता जीवाश्म गट) ही वेगळी कोटी राहिलेलीच नाही. फळ आणि फूल एकत्र केलं तर दोन्हींपैकी आधीचं वैध नाव टिकेल, म्हणून दोन्ही नावांच्या तारखा काढा. फुलाचं नाव १९७६ च्या आधीचं निघालं तर सगळ्या झाडाचं नाव फुलाचं होईल. ते चालणार असेल तरच एकत्र करा.

---

उत्तर : पानशिरा

मोहगाव_वाट, इथे माझं मत वेगळं आहे. जोड पटली तरी नावं एक करू नयेत, निदान याच लेखात तरी.

संहिता अवयवांची नावं एक करायला परवानगी देते, सक्ती करत नाही. कलम ११.१ प्रमाणे एकाच झाडाच्या, अगदी एकाच रोपाच्या वेगवेगळ्या अवयवांना वेगळी नावं चालतात. ती सोय गोंडवन थरांतल्या वनस्पतींवर काम करणाऱ्यांना रोज लागते. ग्लॉसोप्टेरिस हे पान आहे. कामठी, सिलेवाडा इथली पानं बनबरीने १८६१ मध्ये लंडनला वर्णिली, हिस्लॉप आणि हंटर यांच्या काळापासून नागपूर त्यासाठी ओळखलं जातं. पण त्याच प्रकारच्या पानाशी स्कूटम, ओट्टोकारिया, लिजेटोनिया, डेंकानिया अशी एकमेकांपासून खूप वेगळी प्रजननांगं जोडली जातात. मूळ वर्टेब्रारिया, परागकण आणखी वेगळ्या नावाचे. पानाचं नाव एखाद्या प्रजननांगात विलीन केलं, तर बाकीच्या पानांचं काय करायचं? कामठीच्या तांबड्या, लोहमय दगडात पानांची क्यूटिकल (मेणचट बाहेरचा थर) सहसा टिकतच नाही. तिथे शिरांच्या जाळीवरच जात ठरवावी लागते आणि अशा पानाला संपूर्ण झाडाचं नाव देणं खरं ठरत नाही.

राजमहालच्या टेकड्यांतली दोन उदाहरणंही हेच सांगतात. निपानियाच्या सिलिकीभूत थरातलं खोड पेंटॉक्सिलॉन, पान निपानिओफायलम, मादी शंकू कार्नोकोनाइटीस, नर अवयव साहनिया. साहनींनी १९४८ मध्ये पेंटॉक्सिली हा गट मांडला आणि सगळे अवयव एकाच झाडाचे मानले, तरी नावं वेगळीच वापरतात. यातलं निपानिओफायलम पान नुसत्या ठशाच्या रूपात मिळालं तर त्याला टीनिओप्टेरिस म्हणायची वेळ येते, कारण ठशात शरीररचना नसते आणि टीनिओप्टेरिससारखी पानं इतर गटांतही आहेत. दुसरं, विल्यमसोनिया सेवार्डियाना: १९३२ मध्ये साहनींनी बकलँडिया खोड, टिलोफायलम पानं आणि विल्यमसोनिया फूल एकत्र जोडून झाड उभं केलं. संपूर्ण झाड डोळ्यांसमोर आलं, आणि टिलोफायलम हे पानाचं नाव मोडीतही निघालं नाही. ते निघालं असतं तर सुटी सापडणारी हजारो पानं बिननावाची झाली असती.

तुमच्या फुलाचंही तसंच आहे. फूल केरियात मिळालं आणि फळ मिळालं नाही, तर त्या फुलाला कुठलं नाव? म्हणून लेखात ‘हे फूल बहुधा याच झाडाचं’ असा वेगळा भाग लिहा, लक्षणांचा तक्ता द्या, नावं दोन्ही ठेवा.

---

उत्तर : मोहगाव_वाट

ग्लॉसोप्टेरिसचं उदाहरण मान्य. एका पानाच्या नावाखाली अनेक झाडं दडलेली असतील तर विलीनीकरण घातकच. पण इथे फूल आणि फळ दोन्हीत अंडाशय आहे, तुलना थेट होते, ती पानासारखी संदिग्ध नाही. चर्टखडा यांनी फुलापासून फळापर्यंतचे मधले टप्पे किती मिळतात ते आधी बघावं. एकही मधला टप्पा नसेल तर मी पानशिरांच्या बाजूने.

---

उत्तर : लॅटिनची_वही

एपिथेटचं राहून गेलं, ते लिहिते.

एपिथेट विशेषण असेल तर वंशाच्या लिंगाप्रमाणे शेवट बदलतो. ‘-कार्पॉन’, ‘-ऑक्सिलॉन’, ‘-फायलम’ नपुंसकलिंगी. ‘-कार्पस’, ‘-अँथस’ पुल्लिंगी. ‘-इटीस’ संहितेप्रमाणे पुल्लिंगी धरतात. म्हणजे ‘इंटरट्रॅपिआ’ हे ‘-कार्पॉन’मध्ये ‘इंटरट्रॅपियम’ होईल, ‘-एन्सिस’चं ‘-एन्स’ होईल. हा बदल दुरुस्ती आहे, नवं नाव नाही. लेखक आणि तारीख तीच राहते. उलट, एपिथेट व्यक्तीच्या नावाची षष्ठी असेल तर लिंग बदलत नाही, मग वंश कुठलाही असो. षष्ठीचा शेवट त्या व्यक्तीवरून ठरतो: पुरुषासाठी ‘-आय’, स्त्रीसाठी ‘-ए’. माहुरझरीसकट दख्खनच्या चर्टमधलं द्राक्षकुळातलं फळ २०१३ मध्ये इंडोव्हायटिस चितळेये या नावाने आलं, ते नागपुरात पुरावनस्पतिशास्त्र रुजवणाऱ्या शामला चितळे यांच्या सन्मानार्थ, म्हणून तिथे स्त्रीलिंगी षष्ठी आहे. बाईंच्या नावावरून काढलेल्या नावांना सवयीने पुल्लिंगी शेवट लावलेले बघितलेत. तसे दिसले तर दुरुस्त करा, संहितेची तशीच अपेक्षा आहे.

आपल्याकडे साहनिपुष्पम, चितळेपुष्पम अशी संस्कृत शेवटाची वंशनामंही आहेत. लॅटिन किंवा ग्रीक नसलेल्या शब्दाचं लिंग मूळ लेखकाने ठरवलेलं असतं, त्याने लावलेल्या एपिथेटवरून ते कळतं. आपल्या अंदाजाने बदलू नका.

नव्या वंशात तोच एपिथेट आधी कोणी वापरलेला आहे का, हे जरूर शोधा. असेल तर कॉम्ब. नोव्ह. होणारच नाही, उत्तरकालीन समनाम होईल, तिथे ‘नोम. नोव्ह.’ म्हणजे बदली नाव द्यावं लागतं. नवा वंश काढत असाल तर ते नाव शैवाल, बुरशी, जिवंत वनस्पती, सगळीकडे तपासा. प्राण्यांचं नाव तेच असलं तर अडचण नाही. इंटरनॅशनल फॉसिल प्लांट नेम्स इंडेक्स आणि इंडेक्स नोमिनम जेनेरिकोरम, दोन्हीकडे बघा, एकावर विसंबू नका.

---

प्रश्नात प्रश्न : उमरेड_काष्ठ

विषय निघालाच आहे तर विचारते. कामठीच्या थरातल्या लाकडांच्या जुन्या नोंदी डॅडॉक्सिलॉन आणि अरौकॅरिऑक्सिलॉन या नावांनी आहेत. नव्या यादीत काय लिहायचं?

---

उत्तर : काष्ठछेद

अगॅथॉक्सिलॉन. हार्टिगचं १८४८ चं नाव आहे. क्राउसने १८७० मध्ये अरौकॅरिऑक्सिलॉन काढताना आधीची उपलब्ध नावं त्यातच सामावून घेतली, त्यामुळे ते अतिरिक्त ठरतं. २०१४ मध्ये टॅक्सॉन या नियतकालिकात जीवाश्म लाकडांवर काम करणाऱ्यांच्या मतदानाचा निकाल छापला, कलही अगॅथॉक्सिलॉनकडेच आहे. पण यादीतली सगळी नावं सरसकट बदलू नका. प्रत्येक जातीसाठी कोणी संयोजन आधी छापलं आहे का बघा, नसेल तर यादीत जुनंच नाव ठेवून शेजारी शेरा द्या. यादीच्या नादात अर्धवट संदर्भाने छापलेली संयोजनं अवैध ठरतात आणि पुढच्याला निस्तरावी लागतात. लिंग नपुंसकच राहतं, त्यामुळे शेवट बदलायची गरज नाही. नाव हलताना लेखक कसे लिहायचे याला नमुना साहनिऑक्सिलॉन राजमहालेन्स (साहनी) बोस आणि साह: साहनींनी १९३२ मध्ये होमॉक्सिलॉन राजमहालेन्स म्हणून वर्णिलं, १९५४ मध्ये बोस आणि साह यांनी हलवलं. मूळ लेखक कंसात, हलवणारे कंसाबाहेर.

---

चर्टखडा

मधले टप्पे मोजले. उघडलेली फुलं बरीच, पक्व फळं बरीच, पण फुगत चाललेलं अंडाशय फक्त एका तुकड्यात आणि तेही तिरक्या छेदात. तेव्हा नावं दोन्ही ठेवतो आणि नात्याचा भाग वेगळा लिहितो. फळासाठी नवा वंश आणि कॉम्ब. नोव्ह., ‘ब’ तुकडा लेक्टोटाइप. प्रोटोलॉगच्या (नाव पहिल्यांदा छापताना त्यासोबत येणाऱ्या) मजकुरात काय तपासू?

---

उत्तर : लॅटिनची_वही

क्रम असा ठेवा. वंशाचं नाव, पुढे ‘जेन. नोव्ह.’, टाइप जाती, इंग्रजी डायग्नोसिस, नावाची व्युत्पत्ती, तिच्यात लिंग लिहून. मग जातीचं नाव, कंसात मूळ लेखक, तुमची नावं, ‘कॉम्ब. नोव्ह.’ त्याखाली बेसिओनिम: मूळ नाव, लेखक, नियतकालिक, खंड, पान, आकृती, वर्ष. त्याखाली लेक्टोटाइप: तुकडा ‘ब’, क्रमांक, संग्रह, आणि ‘डेझिग्नेटेड हिअर’.

बेसिओनिमचं पान म्हणजे ते वर्णन ज्या पानावर आहे ते पान. पूर्ण लेखाची ‘१ ते १२’ अशी पानं देऊ नका, तो पूर्ण आणि थेट संदर्भ धरत नाहीत. १९५३ पासून हा संदर्भ सक्तीचा आहे. संदर्भसूचीत लेख आहेच म्हणून इथे गाळू नका.

नावं आणि टाइप मुख्य लेखातच छापा, पूरक फाइलमध्ये नको. ऑनलाइन नियतकालिक असेल तर आयएसएसएन असलेली अंतिम पीडीएफच धरतात, त्याआधीची प्राथमिक प्रत नाही. प्रीप्रिंट टाकायचा असेल तर त्यातून नवी नावं काढून ठेवा. लेख निघेपर्यंत वर्तमानपत्राला बातमी देतानाही नाव देऊ नका. त्याने नाव वैध होत नाही, पण नाव फिरायला लागतं आणि उद्या ते दुसऱ्या कुणाच्या यादीत वर्णनाशिवाय छापलं जातं.

प्रूफ आलं की तिरप्या अक्षरांपेक्षा आधी तीन गोष्टी बघा: बेसिओनिमचं पान, लेक्टोटाइपचा क्रमांक, आणि चित्रपट्टीखाली ‘लेक्टोटाइप’ हा शब्द. मांडणी करणारे चित्रांचे क्रमांक बदलतात, आणि मजकुरातला क्रमांक जुनाच राहतो.